टीएम ९-८०३ च्या तीन प्रती आणि बाबांची जीप

चार वर्षांपूर्वी कोलशेत रोडवर आमच्या जीपचं डावीकडचं मागचं चाक पंक्चर झालं. पंक्चरवाल्या पोराने पाना लावला, जोर केला, नट हलेना. मग तो पान्यावर उभा राहिला. कट्‌ असा आवाज झाला आणि स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो खिळा, मोडला. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्या नटाला मी त्याचा हात धरला, पण का थांबवतेय ते मला सांगता येत नव्हतं. त्या पोराची काही चूक नव्हती. या गाडीच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात, नट सोडवायचा तर पाना घड्याळाच्या दिशेने फिरवावा लागतो. आमच्या घरात हे फक्त बाबांना माहीत होतं, आणि बाबा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

मोडलेले स्टड वागळे इस्टेटमध्ये लेथवर करून घेतले. अर्धा इंच जाड, इंचाला वीस आटे, डावे. लेथवाल्याने विचारलं, "ताई, ड्रॉइंग आहे?" चोवीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केलेल्या बाईकडे स्वतःच्या गाडीचं एकही ड्रॉइंग नव्हतं. त्या संध्याकाळपासून मी या गाडीचं मॅन्युअल शोधायला लागले. आज माझ्याकडे त्याच्या तीन प्रती आहेत. हा त्या तिन्ही प्रतींचा आणि मुळात त्या पुस्तकाचा आढावा. कोणाकडे दुसऱ्या महायुद्धातली जीप किंवा डॉज, जीएमसीचा लष्करी ट्रक असेल, घ्यायचा विचार असेल, तर माझे गेलेले पैसे तरी तुमचे वाचतील.

आधी पुस्तक काय आहे ते. अमेरिकेच्या वॉर डिपार्टमेंटने २२ फेब्रुवारी १९४४ ला काढलेलं टेक्निकल मॅन्युअल, क्रमांक टीएम ९-८०३. विलीजची एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू या दोन्ही गाड्या त्यात एकत्र आहेत, कारण दोन्ही एकाच आराखड्यावर बनलेल्या. आपण जिला जीप म्हणतो तिला हे पुस्तक मुखपृष्ठावर 'पाव टन, फोर बाय फोर ट्रक' म्हणतं. सैन्याच्या हिशेबात हा ट्रकच, सगळ्यात धाकटा. म्हणून जुन्या लष्करी ट्रकांची मॅन्युअल जमवणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात.

क्रमांकांची रीत एकदा कळली की शोध सोपा होतो. १९४२ च्या ऑगस्टपर्यंत सैन्याच्या मोटारगाड्या क्वार्टरमास्टर, म्हणजे रसद खात्याकडे होत्या, त्या काळातली मॅन्युअल 'टीएम १०' ने सुरू होतात. मग गाड्या ऑर्डनन्सकडे, म्हणजे शस्त्रसामग्री खात्याकडे गेल्या आणि नंतरची 'टीएम ९' झाली. त्यामुळे एकाच जीपची दोन्ही मालिकांमधली पुस्तकं फिरताना दिसतात. ज्याच्याकडे गाडी आहे त्याने ९ वालं घ्यावं. ते नंतरचं आहे आणि त्याची मांडणी जास्त पक्की आहे. पाऊण टनाच्या डॉजसाठी टीएम ९-८०८, अडीच टनाच्या सहाचाकी जीएमसीसाठी टीएम ९-८०१. ही तिन्ही एकाच साच्यातली आहेत, एक वाचता आलं की बाकीची वाचता येतात.

माझी पहिली प्रत मूळची, १९४४ ची. चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यात सापडली. साडेतीन हजारांना घेतली. सुमारे अडीचशे पानं, शाळेच्या वहीपेक्षा थोडी लहान. आत अमेरिकी सैन्याचे तेव्हाचे प्रमुख जनरल मार्शल यांच्या नावाने आदेश. कागद युद्धातला, स्वस्त लगद्याचा. आता तो चहाच्या रंगाचा झालाय आणि पान उलटताना कोपरे तुटून हातात येतात. स्टेपलच्या पिना गंजून आजूबाजूचा कागद खाऊन बसल्यात. पण त्यातली चित्रं! माझा धंदाच रेघांचा, म्हणून थोडं सविस्तर सांगते. फोटो आहेत, पण नुसते फोटो नाहीत. सुट्या भागामागची सगळी गर्दी कोणीतरी हाताने पुसून पांढरी केलीय, कडा उठवल्यात, आणि प्रत्येक नटाला, प्रत्येक पिनेला लीडर लाइन, म्हणजे भागापासून नावापर्यंत जाणारी रेष, काढून मोठ्या अक्षरांत नाव दिलंय. मी बघितलेल्या चित्रांत या रेषा एकमेकींना कापत नाहीत. हे किती अवघड असतं ते ट्रेसिंगवर रोट्रिंगच्या पेनाने असेंब्ली ड्रॉइंग केलेल्या माणसाला विचारा. चित्राखाली 'आरए पीडी' आणि एक आकडा असतो, तो त्या चित्राचा नोंदणी क्रमांक. कुठल्याशा ड्रॉइंग ऑफिसात माझ्यासारखंच कोणीतरी मान मोडून बसलं असणार, त्याचं नाव नाही, नुसता आकडा आहे. मला तो आकडा बघून दरवेळी बरं वाटतं.

ही प्रत मी गाडीजवळ नेत नाही. कपाटात, सुती कापडात गुंडाळून असते. तिचा उपयोग एकच. दुसऱ्या प्रतीतलं चित्र कळलं नाही की वर येऊन हिच्यात बघायचं.

दुसरी प्रत नवीन छापलेली, ऑनलाइन मागवली, बावीसशे रुपये. विकणाऱ्याचं नाव देत नाही, पण त्याच्या पानावर 'हाय क्वालिटी रिप्रिंट' असं लिहिलं होतं. मुखपृष्ठ चकचकीत. आत फोटोकॉपीची फोटोकॉपी केलेली. मजकूर वाचता येतो, फोटो मात्र काळे ठिक्कर. कार्ब्युरेटरच्या पानावर कार्ब्युरेटर कुठे संपतो आणि मॅनिफोल्ड कुठे सुरू होतो ते दिसत नाही. वायरिंगच्या घडीच्या पानाची घडी स्कॅन करताना उघडलीच नव्हती, त्यामुळे अर्धा नकाशा गायब. गोंदाने चिकटवलेला कणा इतका आखडलेला की पुस्तक उघडं ठेवायला वर दोन स्पॅनर ठेवावे लागतात. मॅन्युअलचं खरं काम तेव्हा सुरू होतं जेव्हा दोन्ही हात ग्रीसने माखलेले असतात. जे पुस्तक हात न लावता उघडं राहत नाही ते मॅन्युअल म्हणून विकू नये. मी परत करायचा प्रयत्न केला, मुदत संपली म्हणाले. असलं पुस्तक घेण्याआधी आतल्या फोटोच्या पानाचा फोटो मागा, मुखपृष्ठाचा नको.

तिसरी प्रत ठाण्यात तयार झाली, आणि तीच मी रोज वापरते. अमेरिकी सरकारने स्वतः काढलेल्या प्रकाशनांवर तिथल्या कायद्याने कॉपीराइट नसतो, म्हणून या मॅन्युअलचं चांगलं स्कॅन घेऊन आपल्यापुरतं छापायला कसली अडचण नाही. स्कॅन निवडताना मी एकच पान तपासते, घडीचं वायरिंगचं. ते पूर्ण असेल तर स्कॅन करणाऱ्याने काळजी घेतलीय असं समजायचं. छपाई लेझरवर, ग्रे-स्केलमध्ये, शंभर जीएसएमच्या कागदावर. 'ब्लॅक अँड व्हाइट' सेटिंगवर छापलंत तर फोटोंची पुन्हा तीच काळी भाकरी होईल. मजकुराचा आकार मूळच्यापेक्षा थोडा मोठा, ए-फोरपर्यंत वाढवला, म्हणजे गाडीच्या मिस्त्रींना चष्मा लावून बसावं लागत नाही.

बांधणी नौपाड्यातल्या एका जुन्या बाइंडरकडे केली. छोटंसं दुकान, दोन माणसं, लायब्ररीची आणि वकिलांची पुस्तकं बांधणारं. मी आधी स्पायरल म्हणाले. त्यांनी विचारलं, पुस्तक ठेवणार कुठे? जीपच्या मडगार्डवर, मी म्हणाले. जीपचं पुढचं मडगार्ड सपाट असतं, टेबलासारखं, त्यावर हत्यारं आणि पुस्तक दोन्ही मावतात. ते म्हणाले, "मग स्पायरलची तार हत्यारांत अडकेल, पानं भोकाशी फाटतील. फर्मे, म्हणजे घडीच्या पानांचे जुडगे, पाडून शिवून देतो, उघडं टाकलंत की पडून राहील." मोठ्या कागदावर पुन्हा छापून, सोळा-सोळा पानांचे फर्मे, दोऱ्याची शिवण, वर रेक्झिनचा पुठ्ठा. वायरिंगचं आणि वंगणाचं पान वेगळं काढून लॅमिनेट केलं. सगळं मिळून साडेसतराशे रुपये आणि नऊ दिवस. आज अडीच वर्षं झाली, एक दोरा सुटलेला नाही. पुस्तक मडगार्डवर ठेवलं की जसं ठेवलं तसं राहतं, वाऱ्याने पान उलटू नये म्हणून वर फक्त फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पट्ट्या, ठेवते. माझ्या मते साडेतीन हजारांच्या मूळ प्रतीपेक्षा गाडीसाठी हीच जास्त मोलाची.

आता आतल्या मजकुराबद्दल. हे पुस्तक इंजिनिअरसाठी लिहिलेलं नाही. आयुष्यात कधी गाडी हाकली नसेल अशा अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराच्या हातात गाडी द्यायची होती, त्याच्यासाठी ते आहे. म्हणून वाक्यं आखूड. हे काढा, ते सोडवा, हे बघा. देखभालीचे टप्पे केलेले आहेत. पहिला ड्रायव्हरचा, दुसरा त्याच्या तुकडीतल्या मेकॅनिकचा, पुढचे वर्कशॉपचे. ड्रायव्हरने काय बघायचं ते चार वेळांत वाटलंय. निघण्याआधी, चालवताना, थांब्यावर, आणि परत आल्यावर.

निघण्याआधीच्या यादीत पहिली बाब ऑइलची नाही, पाण्याचीही नाही. पहिली बाब अशी की गाडी मघाशी उभी केल्यापासून कोणी तिला हात लावलाय का, काही मोडलंय का ते बघा. आमची जीप सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते. मुलं तिच्यावर चढून फोटो काढतात, एकदा मांजरीने मागच्या सीटखाली पिल्लं घातली होती. मी ती पहिली बाब आता कधीच गाळत नाही. मग इंधन, ऑइल, पाणी, गळती, हॉर्न, दिवे, चाकांचे नट, टायर, कमानपाटे. भाचा सोबत असला की तो वाचतो आणि मी बघते. "आत्या, स्टिअरिंग लिंकेज." "बघितलं." पूर्ण यादीला बारा मिनिटं लागतात.

एक गोष्ट या पुस्तकाने शिकवली नसती तर कदाचित कोणाचा तरी हात गेला असता. आमच्या गाडीला अजून दोन तुकड्यांच्या कॉम्बॅट रिमा आहेत, दोन अर्धे बोल्टने जोडलेले. ट्यूबमध्ये हवा असताना हे बोल्ट सोडवले तर रिमचा अर्धा भाग गोळीसारखा सुटतो. आधी वॉल्व्हचा पिन काढून सगळी हवा सोडायची, मगच बोल्टला पाना लावायचा. कोलशेत रोडवरच्या त्या पोराने चाकाच्या नटांऐवजी रिमचे बोल्ट आधी धरले असते तर काय झालं असतं, हा विचार मला अजून रात्री येतो. आता ड्रायव्हरच्या सीटच्या मागे मराठी आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत सूचना चिकटवलीय. आधी हवा सोडा. डावी चाकं, उलटे आटे. कॉम्बॅट रिम असलेल्या प्रत्येकाने आजच ही सूचना लिहावी.

कळव्याचे आमचे मिस्त्री महिंद्राच्या जीपवर चाळीस वर्षं काम केलेले. हात असा की इंजिन ऐकून सांगतात कुठला प्लग मिस करतोय. त्यांना मी पुस्तक दाखवलं तेव्हा ते थोडे नाराज झाले, आणि मला ते समजत होतं. टॅपेट, म्हणजे वॉल्व्हपाशी ठेवायची बारीक फट, सेट करायचे होते. त्यांच्या डोक्यात महिंद्राचं इंजिन पक्कं होतं, इनटेक अठरा थाऊ (इंचाचे हजारावे भाग), एक्झॉस्ट सोळा. त्या इंजिनात इनटेक वॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये असतो, म्हणून आकडे वेगळे. युद्धातल्या जीपच्या इंजिनात दोन्ही वॉल्व्ह ब्लॉकमध्येच, मॅनिफोल्डखालच्या झाकणाआड. पुस्तक म्हणतं, इंजिन थंड असताना दोन्हींना चौदा. बाबांच्या डायरीतही मला टॅपेटचा आकडा सापडला, सोळा. डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटची फट वीस, स्पार्क प्लगची तीस, फायरिंग ऑर्डर एक-तीन-चार-दोन, हे सगळं त्यांनी पुस्तकाप्रमाणे बरोबर लिहिलं होतं. टॅपेटचा तेवढा आकडा त्यांनी कुठल्यातरी महिंद्राच्या गॅरेजमधून उचललेला असावा.

मिस्त्रींनी झाकण काढलं, फिलर गेज घातलं. एकही टॅपेट सोळावर नव्हता. सतरा, एकोणीस, एक तर बावीस. सगळे चौदावर आणून गाडी चालू केली आणि ते बॉनेटला कान लावून उभे राहिले. लहानपणापासून या गाडीची जी टकटक मी तिचा आवाज समजत होते, ती नव्हती. मिस्त्री म्हणाले, "ताई, त्या पानाची मला एक झेरॉक्स द्या. आणि बाकीचे आकडे मराठीत लिहून द्या, मी भिंतीवर लावतो."

तो कागद बनवायला मला तीन रविवार लागले. पुस्तक इंचात, आपली गेजं मिलिमीटरमध्ये, म्हणून दोन्ही लिहिले. टॅपेट ०.०१४ इंच, म्हणजे ०.३६ मिमी. पॉइंट ०.०२०, म्हणजे ०.५१. प्लग ०.०३०, म्हणजे ०.७६. पुढच्या चाकांचा टो-इन, म्हणजे चाकं पुढून किती आत वळलेली असावीत ते, ३/६४ ते ३/३२ इंच, म्हणजे १.२ ते २.४ मिमी. वंगणाच्या पानावर ओई, जीओ, सीजी, डब्ल्यूबी अशी अक्षरं असतात, ती मी मराठीत फोडून लिहिली. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, चासीचं ग्रीस, व्हील बेअरिंगचं ग्रीस. ठाण्याच्या हवेत ओई ३० पुरतं. हँडब्रेकचं चित्र मुद्दाम मोठं काढलं, कारण या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांत नाही, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीच्या) मागे शाफ्टच्या ड्रमवर बाहेरून आवळणारा पट्टा आहे. आधीच्या एका गॅरेजने तो शोधायला दोन्ही मागचे ड्रम उघडले होते आणि त्याची मजुरीही घेतली होती.

उणिवा आहेत, आणि त्या माहीत असाव्यात. पहिली मोठी म्हणजे हे पुस्तक पूर्ण नाही. ते पहिल्या दोन टप्प्यांपुरतं आहे. इंजिन खोलायचं असेल तर टीएम ९-१८०३ए लागतं, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि एक्सलसाठी टीएम ९-१८०३बी. कार्ब्युरेटर कार्टरचा, त्याचं टीएम ९-१८२६ए. ऑटो-लाइटच्या डायनॅमो-सेल्फसाठी टीएम ९-१८२५बी. सुट्या भागांचे आकडे आणखी वेगळ्या यादीत, एसएनएल जी-५०३. ही यादी हाताशी असली की दुकानात भांडण कमी होतं, कारण एकाच भागाचा विलीजचा आणि फोर्डचा असे दोन्ही आकडे तिच्यात शेजारी आहेत. आमच्या गाडीत दोन्ही कंपन्यांचे भाग मिसळलेत. काही बोल्टच्या डोक्यावर फोर्डचा 'एफ' आहे, काहींवर नाही. डिस्पोजलमधून, म्हणजे सैन्याने विकून टाकलेल्या मालातून, आलेल्या गाड्यांचं असंच असतं.

दुसरी गोष्ट, १९४४ च्या पुस्तकाला आजचं ऑइल आणि आजचं पेट्रोल माहीत असणं शक्य नाही. 'गिअर ऑइल ९०' वाचून आपण दुकानात मिळेल ते जीएल-५ ओततो. त्यातली रसायनं गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना त्रास देतात. जीएल-४ मागून घ्या. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते जुन्या रबराला फुगवतं. आमच्या फ्युएल पंपाचा डायफ्राम गेल्या पावसाळ्यात असाच गेला. इथेनॉल सोसणारा नवा बसवला, होजही बदलले. हे दोन्ही मी पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवलंय.

आणखी एक उपयोग मला आधी सुचला नव्हता. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, नवीन नोंदणीला वीस हजार शुल्क आहे, पण गाडी मूळ रूपात असली पाहिजे, चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. मूळ रूप म्हणजे काय हे दाखवायला माझ्याकडे आता आकृत्या आहेत. मी फाइलमध्ये इंजिनच्या आणि चासीच्या आकृत्यांशेजारी आमच्या गाडीचे त्याच कोनातून काढलेले फोटो लावलेत.

कोणासाठी घ्यावं? गाडी असेल आणि स्वतः हात लावत असाल तर स्कॅन छापा आणि शिवून घ्या, त्यावर दोन हजारांच्या वर खर्च करू नका. गाडी नसेल, नुसता संग्रह करायचा असेल तर मूळ प्रत शोधा, पण वायरिंगचं पान जागेवर आहे का ते बघूनच पैसे द्या. ऐरोलीच्या एका ओळखीच्यांकडे पाऊण टनाची डॉज आहे, त्यांनी माझी शिवलेली प्रत बघून टीएम ९-८०८ त्याच बाइंडरकडे दिलं. त्यांचंही तितकंच नीट झालंय.

माझ्या टीएम ९-१८०३ए ची छपाई परवा झाली. फर्मे बाइंडरकडे आहेत, शिवण पुढच्या आठवड्यात. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंगची चार पानं मात्र मी सुटी छापून आधीच कळव्याला पोचवलीत, कारण मिस्त्री फोन करून विचारत होते, "ताई, ते मोठं पुस्तक आलं का?"